उशिरा भेटलेल्या तबकड्या



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "गेल्या वर्षभरात आम्हांला सापडलेल्या रॉक संगीताच्या तबकड्या." चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आदल्या दिवशी वेदान्त आहे, दुसऱ्या दिवशी पाणीप्रश्न आहे. मध्ये हे चालून जाईल." तेव्हा दोन भारदस्त व्याख्यानांच्या मधली मोकळी जागा भरण्यासाठी आमची योजना झाली आहे, याची आम्हांला पुरती जाणीव आहे. आपणही तेवढ्याच बेताने अपेक्षा ठेवाव्यात.

समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या मते रॉक म्हणजे गोंगाट होय. तो गोंगाट नाही हे सिद्ध करण्याचा आमचा इरादा नाही. चाळीस वर्षे घरच्या मंडळींसमोर तो प्रयत्न करून आम्ही थकलो आहोत. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. रॉक संगीतात 'आल्बम' म्हणून जी वस्तू आहे, ती सुट्या गाण्यांची मोळी नव्हे. जुन्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे; बाजू संपली की उठून ती उलटावी लागे. पहिल्या बाजूचा आरंभ कशाने करायचा, ती संपवायची कोठे, दुसरी बाजू उघडायची कशी, याचा विचार चांगले वादक फार बारकाईने करीत. आपल्या मैफलीत भैरवी शेवटी का येते, हे ज्यांना सांगावे लागत नाही, त्यांना हेही सांगावे लागू नये. मधलेच एक गाणे उचलून ऐकणे म्हणजे मैफलीच्या मध्यावर येऊन दाराशी पाच मिनिटे उभे राहून परत जाणे आहे.

आता हा उद्योग आम्ही वर्षभर का केला, ते सांगतो. दिवाळीला आमची पुतणी आली होती. आम्ही नेहमीप्रमाणे पिंक फ्लॉईड लावून डोळे मिटून बसलो होतो. ती म्हणाली, "काका, तुम्ही म्हणता की तुम्ही रॉक ऐकता. पण तुम्ही रॉक ऐकतच नाही. तुम्ही तुमचे कॉलेज ऐकता." आम्ही रागावलो. मग कपाट उघडून मोजदाद केली. पिंक फ्लॉईड, लेड झेपेलिन, डीप पर्पल, बीटल्स. दहाबारा तबकड्या, त्याही सगळ्या पंचविशीच्या आत ऐकलेल्या. मुंबईला गेलो की काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन् तास उभे राहायचो. २०१६ साली ते दुकान बंद झाले, तेव्हा आम्ही चारचौघांत मोठी हळहळ व्यक्त केली. पण त्याआधी वीस वर्षांत तेथून आम्ही एकही नवी वस्तू घेतली नव्हती. दुकान बंद पडण्यात आमच्यासारख्यांचाही वाटा होता, हे त्या हळहळीत सांगायचे राहून गेले.

म्हणून आम्ही एक नेम केला. महिन्याला एक आल्बम. तो केव्हाचाही असो, आम्ही पूर्वी ऐकलेला नसावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, महिनाभर तोच. बारांपैकी चारांविषयीच येथे बोलतो. बाकीच्यांत दोन कंटाळवाणे निघाले, तीन बरे होते, आणि उरलेल्यांना आणखी एक वर्ष द्यावे लागेल.

पहिला आल्बम इंग्लंडातील 'झॉम्बीज' या मंडळीचा. सेंट ऑल्बन्स गावचे हे पाच तरुण. १९६४ साली त्यांचे एक गाणे गाजले, पण पुढे इंग्लंडात तसे यश पुन्हा मिळेना. १९६७ साली एक हजार पौंडांच्या तुटपुंज्या रकमेत त्यांनी एक अखेरचा आल्बम करायला घेतला. बीटल्सांनी आपला 'सार्जंट पेपर' जेथे नुकताच पुरा केला होता, त्याच ॲबी रोडच्या स्टुडिओत बरेचसे काम झाले. व्हायोलिनवाल्यांचा ताफा परवडणारा नव्हता. म्हणून मेलोट्रॉन नावाचे वाद्य घेतले. त्याला पेटीसारख्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा असतो. पट्टी दाबली की फितीवर मुद्रित केलेले व्हायोलिन वाजू लागते. ते खऱ्या व्हायोलिनसारखे वाजत नाही. जरा ओलसर, दूरच्या खोलीतून आल्यासारखे वाजते. गंमत अशी की गरिबीपोटी घेतलेला हा आवाजच त्या आल्बमचा प्राण होऊन बसला आहे. पैसे संपल्यावर स्टिरिओ प्रतीचा खर्च दोघा गीतकारांनी पदरचा केला. वेष्टनाच्या चित्रकाराने नावातील 'ओडिसी' या शब्दाचे स्पेलिंगच चुकवले. ते तसेच छापले गेले आणि आजही तसेच आहे.

त्यातले पहिलेच गाणे इतके प्रसन्न, उड्या मारीत येणारे आहे, की शब्दांकडे लक्ष जायला आम्हांला आठवडा लागला. ते एक पत्र आहे. तुरुंगातून लवकरच सुटणाऱ्या प्रिय व्यक्तीला लिहिलेले. मागाहून तीच प्रसन्न चाल ऐकताना घशाशी काहीतरी येते. आल्बम १९६८ साली इंग्लंडात बाहेर पडला तेव्हा मंडळी फुटून महिने उलटले होते. गायक कॉलिन ब्लन्स्टोन विम्याच्या कचेरीत नोकरीला लागला. आणि १९६९ साली त्याच आल्बममधले शेवटचे गाणे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले! अमेरिकेला झॉम्बीज हवे होते आणि झॉम्बीज तर अस्तित्वात नव्हते. तेव्हा काही चतुर व्यवस्थापकांनी खुशाल खोटे झॉम्बीज उभे करून गावोगाव फिरवले. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला होता, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे खरे भाऊसाहेब हयात होते आणि लंडनमध्ये विम्याचे कागद भरीत होते. सुदैवाने ही कथा सुखान्त आहे. २००८ साली चाळीस वर्षे झाल्याचे निमित्त करून हयात मंडळींनी लंडनमध्ये तो सबंध आल्बम रंगमंचावर वाजवला.

दुसऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. आफ्रिकेतील झांबिया देश १९६४ साली स्वतंत्र झाला. तांब्याच्या खाणींमुळे हाती पैसा होता, तरुणांच्या हाती गिटारी आल्या, आणि तेथे रॉकची एक स्वतंत्र शाखा निघाली. तिला आज 'झामरॉक' म्हणतात. त्यातील 'विच' या मंडळीचा १९७५ सालचा 'लेझी बोन्स' आम्ही ऐकला. गिटारचा स्वर मुद्दाम फाटका केलेला, ताल मात्र अस्सल आफ्रिकेचा. पहिल्या दोन वेळा मुद्रण ओबडधोबड वाटले. तिसऱ्या वेळी तो ओबडधोबडपणा हवासा वाटू लागला. गायक इमॅन्युएल चांडा याला लोक 'जगारी' म्हणत. विलायती गायक मिक जॅगर याच्या नावाला दिलेले ते आफ्रिकन वळण होते. पुढे तांब्याचा भाव कोसळला, देशाची घडी विस्कटली, आणि नंतरच्या काळात एड्सने त्या पिढीतले कितीतरी वादक नेले. मूळ पाचांपैकी जगारी एकटाच उरला. तो रत्नांच्या खाणीत नशीब काढीत होता. आता पाश्चात्त्य रसिकांनी त्याला शोधून काढले, आणि २०२३ साली 'विच' या नावाने नवा आल्बमही निघाला. जुन्या तबकडीवर पाच जण वाजवत आहेत हे ठाऊक असूनही, त्या वार्तेनंतर ऐकताना कान एकट्या जगारीकडेच लागतो.

आता तिसरा. याच्यावरून आमचा आणि पुतणीचा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

अमेरिकेतील डेट्रॉईट शहर मोटारींचे, आणि त्याचबरोबर मोटाउन नावाच्या कृष्णवर्णीयांच्या मधुर संगीताचे. त्या शहरात हॅकनी नावाचे तीन कृष्णवर्णीय भाऊ होते. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस. त्या काळी असा रिवाज की कृष्णवर्णीय मुलांनी वाजवायचे ते मोटाउनसारखे. रॉक हा गोऱ्या मुलांचा प्रांत. या तिघांनी झोपायच्या खोलीत ड्रम मांडला आणि भलत्याच वेगाचे, धारदार, अस्सल रॉक वाजवायला सुरुवात केली. थोरला डेव्हिड पुढारी. वडील अपघातात गेले, आणि त्या दुःखातून त्याने मंडळीला नाव दिले 'डेथ'. मृत्यू. त्याच्या मनात मृत्यू म्हणजे भयाण काही नव्हते. जन्माइतकीच ती स्वाभाविक, किंबहुना मंगल गोष्ट आहे असे त्याला म्हणायचे होते. आपल्याकडे हे कोणाला समजावून द्यावे लागणार नाही. पण दुकानात तबकडी मांडणाऱ्याला हे कोण समजावणार?

१९७५ साली त्यांनी सात गाणी मुद्रित केली. न्यूयॉर्कमधील एका बड्या कंपनीच्या प्रमुखाला ती पसंत पडली. अट एकच, नाव बदला. डेव्हिड म्हणाला, नाही. धाकटे दोघे भाऊ मनातून बदलायला तयार होते. पण थोरल्याने नाही म्हटले, तेव्हा त्यांनीही नाही म्हटले. बोलणे तेथेच संपले. १९७६ साली पदरच्या पैशाने त्यांनी दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या पाचशे प्रती काढल्या. त्या कोणी घेतल्या नाहीत म्हटले तरी चालेल. पुढे भाऊ व्हर्मॉन्ट राज्यात गेले. बॉबी आणि डॅनिस वेगळ्याच धर्तीचे, जमैकाचे रेगे संगीत वाजवू लागले. डेव्हिड डेट्रॉईटला परतला आणि २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. जाण्यापूर्वी त्याने मूळ ध्वनिफिती बॉबीच्या हवाली केल्या. जग एक दिवस हे शोधीत येईल, जपून ठेव, असे सांगितले. बॉबीने त्या माळ्यावर ठेवल्या आणि आपल्या मुलांनाही या प्रकरणाबद्दल काही सांगितले नाही.

पाचशेपैकी काही प्रती संग्राहकांच्या हाती लागल्या होत्या. आठेक वर्षे गेली. बॉबीच्या एका मुलाने कॅलिफोर्नियात एका मेजवानीत ते गाणे ऐकले आणि आवाज ओळखला. हा तर बाबांचा आवाज! २००९ साली ती सात गाणी प्रथमच आल्बमरूपाने प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासाच्या आत ती संपतात. पुढे ज्याला 'पंक' म्हणून डोक्यावर घेतले, ते लंडन-न्यूयॉर्कच्या पोरांच्या आल्बमांत अवतरण्यापूर्वी डेट्रॉईटच्या या तीन भावांच्या फितीवर होते.

आमचे म्हणणे असे पडले की डेव्हिडने हट्ट केला. नाव म्हणजे काय मोठे? नाव बदलून गाणी जगापुढे आली असती, धाकट्या भावांचे आयुष्य पालटले असते. पुतणी म्हणाली, "काका, नाव बदलल्यावर त्यांनी दुसरे काय काय बदलायला सांगितले असते, ते तुम्हांला कुठे ठाऊक आहे?" आम्ही निरुत्तर झालो. तरी मत बदलले नाही. महिनाभर ती सात गाणी ऐकल्यावर मात्र आम्हांला थोरल्यापेक्षा धाकट्यांचाच विचार अधिक पडू लागला. ज्या निर्णयावर विश्वास नव्हता, त्याच्या पाठीशी ते उभे राहिले, आणि पुढे भावाने सोपवलेली ती फीतही त्यांनी सांभाळली. डेव्हिड द्रष्टा होता की हेकट, हे ठरवायला आम्ही आज त्या फितीचा आधार घेतो. बॉबीपाशी तो आधार नव्हता.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. दैवाने मागे टाकलेल्या कलावंताची हकीकत कळली की त्याचे गाणे आपोआप गोड लागू लागते. डोळ्यांत पाणी आणून कान फसवणे फार सोपे असते. आमच्या बारांतले जे दोन कंटाळवाणे निघाले, त्यांच्या हकीकती याहूनही हृदयद्रावक होत्या! रॉड्रिगेझ या डेट्रॉईटच्याच गायकावर २०१२ साली निघालेला अनुबोधपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याला पुढे ऑस्करही मिळाले. तो दक्षिण आफ्रिकेत अफाट लोकप्रिय आणि मायदेशी मोलमजुरी करणारा, स्वतःच्या कीर्तीचा पत्ताच नसलेला, असे त्यात दाखवले आहे. गायक गुणी खराच. पण १९७९ साली ऑस्ट्रेलियाने त्याला बोलावून मोठ्या सभागृहांतून त्याचे कार्यक्रम केले होते, ही गोष्ट त्या पटाने गाळली. गोष्ट अधिक करुण व्हावी म्हणून सत्याला कात्री लावायची, हा कलावंताचा सन्मान नव्हे. म्हणून आमचा नेम असा की हकीकत महिना संपल्यावर वाचायची, आधी नाही. डेथच्या बाबतीत पुतणीने तो मोडला, कारण तिला राहवले नाही.

चौथा आल्बम आमच्याच घरात होता.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून कॅसेटींचा एक खोका निघाला. त्यात नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती. कार्डावर निळ्या बॉलपेनने लिहिलेले, 'बिग स्टार. दोन्ही बाजू ऐक. घाई करू नकोस.' अक्षर हॉस्टेलवरच्या आमच्या एका सोबत्याचे. अमेरिकेतल्या चुलतभावाकडून त्याने ते संगीत मिळवले होते आणि रात्र जागून आमच्यासाठी त्याची प्रत केली होती. त्या वेळी आम्हांला गिटारचा गडगडाट हवा असे. आम्ही अर्धे गाणे ऐकले, पुळचट वाटले, कॅसेट ठेवून दिली. त्याने दोनदा विचारले, "ऐकलीस का रे?" आम्ही म्हणालो, "ऐकली. छान आहे." तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. २०११ साली तो गेला.

बिग स्टार ही अमेरिकेतील मेंफिस शहरची मंडळी. तेथल्या एका वाणसामानाच्या दुकानमालिकेचे नाव त्यांनी उचलले. ॲलेक्स चिल्टन हा सोळाव्या वर्षी दुसऱ्या एका मंडळीतून गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेला. ख्रिस बेल हा त्याच्या उलट. अबोल, परिपूर्णतेचा ध्यास घेतलेला. १९७२ साली त्यांचा पहिला आल्बम निघाला आणि भाबड्या आत्मविश्वासाने त्यांनी त्याचे नावच 'नंबर वन रेकॉर्ड' ठेवले. टीकाकारांनी स्तुती केली. पण वितरणाचा असा काही घोळ झाला की स्तुती वाचून दुकानात गेलेल्या माणसाला तबकडी मिळेच ना. खप दहा हजारांचाही झाला नाही असे सांगतात. बेल खचला आणि मंडळी सोडून गेला. उरलेल्यांनी १९७४ साली 'रेडिओ सिटी' काढला. त्याचीही तीच गत झाली. तिसरा आल्बम त्यांनी त्याच साली मुद्रित केला, तो १९७८ पर्यंत कोणी छापलाच नाही. हा तिसरा, खरे सांगायचे तर, आम्हांला झेपला नाही. एखाद्याच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखे वाटते.

पण पहिले दोन! कॅसेटच्या एका बाजूवर पहिला आणि दुसऱ्या बाजूवर दुसरा, असे त्याने बेताने बसवले होते. गिटारी अशा वाजतात की दुपारच्या उन्हात कोणी पितळी भांडी हलक्या हाताने मांडीत आहे. तेरा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या प्रेमावर एक गाणे आहे. त्यात दोन गिटारी आणि दबका आवाज यांखेरीज जवळजवळ काही नाही. मुलगा शाळेतून तुझ्याबरोबर चालत येऊ का, असे विचारतो. ज्या वयात आम्ही ते पुळचट म्हणून बाजूला टाकले, त्या वयाला तेरावे वर्ष लपवून ठेवायचे असते. साठीत ते लपवायचे कारण उरत नाही. बेलच्या आवाजात एक ताण आहे. एक सूर आणखी वर गेला तर तो तुटेल असे वाटते, आणि तो नेमका तेथपर्यंतच जातो. १९७८ सालच्या डिसेंबरात, सत्ताविसाव्या वर्षी, बेल मोटार अपघातात वारला. त्याच साली इंग्लंडात ते दोन आल्बम पुन्हा छापले गेले होते आणि त्यांना ऐकणारे भेटू लागले होते. पुढच्या पिढीतील कित्येक नामांकित अमेरिकन वादक आपण बिग स्टारचे ऋणी आहोत असे सांगू लागले. चिल्टनने त्यातले बरेचसे ऐकले, २०१० साली तो वारला. बेलच्या कानी फारसे काही पडले नाही. त्याची स्वतःची गाणी आल्बमरूपाने निघाली ती १९९२ साली.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दाखवले आहे. आज ही सारी गाणी प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर मिळतात, ती आपापल्या घरी ऐकता येतील. पण आम्ही ती कॅसेट येथे आणली होती. तेवढे एक गाणे, अडीच मिनिटांचे, मंडपात लावावे असे मनात होते. ध्वनिक्षेपकवाल्यांना विचारले, तर ते म्हणाले, "साहेब, कॅसेट लावायचे यंत्र आता गावात कोणाकडे नाही." मागच्या रांगेतून एक गृहस्थ हात वर करीत आहेत. त्यांच्याकडे असल्यास, त्यांनी सभा संपल्यावर कृपा करून थांबावे.